जुन्या फोर्डात कुठलं इंजिन बसवायचं? आधी मागची चाकं बघा

"मामा, सरळ सगळ्यात मोठं व्ही-८ टाका ना!"

माझा भाचा सांगलीला वालचंदमध्ये मेकॅनिकल शिकतो. मी इकडे मिशिगनमध्ये शेजाऱ्यांबरोबर एक हॉट रॉड बांधतोय हे कळल्यापासून त्याचा दर रविवारी फोन असतो. त्याच्या वयाला शोभेल असंच तो बोलला. (व्ही-८ म्हणजे इंग्रजी व्ही सारख्या दोन रांगांत मिळून आठ सिलिंडर असलेलं इंजिन.) पण त्याला उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आलं की हे फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही. म्हणून सगळं नीट लिहून काढतोय.

हॉट रॉड म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं जुनी, स्वस्तात मिळणारी फोर्ड गाडी घ्यायची. मडगार्ड काढायची, वजन उतरवायची, इंजिनाची ताकद वाढवायची आणि म्युरॉक किंवा एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर नेऊन पळवायची. या शर्यतींना शिस्त लावणारी संघटना १९३७ मध्ये स्थापन झाली आणि १९४९ पासून युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठागरावरही वेगाचा आठवडा भरू लागला. गाडी तीच ठेवायची आणि आतलं काळीज बदलायचं, हा खेळ तेव्हापासून अखंड चालू आहे.

आमची गाडी १९३१ च्या मॉडेल ए कूपेची आहे. बॉडी जुनी, खाली १९३२ च्या फोर्डसारखी नव्याने बनवलेली फ्रेम. हा जोड हॉट रॉडवाल्यांत फार जुना, कारण मॉडेल ए ची मूळ फ्रेम हलकी आणि लवचीक, तर १९३२ ची फ्रेम पहिल्यापासूनच व्ही-८ साठी आखलेली. पूर्ण झाल्यावर गाडी एक टनाच्या आसपास भरेल. हा एक टन लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर आहे.

इंजिन निवडताना बहुतेक लोक पुढून मागे जातात. आधी इंजिन आवडतं, मग त्याला जुळेल तो गिअरबॉक्स, आणि डिफ्रेन्शिअल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी, जी हाताला लागेल ती. मी म्हणतो उलटं जा. गाडी कुठे आणि कशी चालणार ते आधी ठरवा. त्यावरून मागचं चाक आणि डिफ्रेन्शिअलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे), त्यावरून गिअरबॉक्स, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. हे तीन वेगवेगळे निर्णय दिसतात, पण खरं तर तो एकच निर्णय आहे.

आमच्या गाडीला दोन कामं करायची आहेत. एक, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर भरणारी ड्रीम क्रूझ. १९९५ पासून ती चालू आहे. हजारो जुन्या गाड्या, ऐन उन्हाळा, आणि पुण्याच्या लक्ष्मी रोडवर दिवाळीआधी जशी गर्दी सरकते तसं सरकणं. दोन, त्या गर्दीपर्यंत पोचायला हायवेवरून तासाला शंभर किलोमीटरच्या वेगाने तासभर जाणं. एका कामाला थंडपणा आणि संयम लागतो, दुसऱ्याला कमी आरपीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला कमी फेऱ्यांत, जास्त अंतर कापण्याची सोय.

आता थोडं गणित, सहावी-सातवीचंच आहे. मागच्या टायरची उंची २८ इंच म्हणजे ७१ सेंटिमीटर. त्याचा घेर साधारण २ मीटर २३ सेंटिमीटर. शंभरच्या वेगाला गाडी मिनिटाला १६६७ मीटर जाते, म्हणजे चाक मिनिटाला सुमारे ७४६ वेळा फिरतं. याला डिफ्रेन्शिअलच्या रेशोने आणि वरच्या गिअरच्या रेशोने गुणलं की इंजिनाचे आरपीएम मिळतात. मूळ मॉडेल ए मध्ये डिफ्रेन्शिअल ३.७८ चं आणि वरचा गिअर सरळ, म्हणजे १. गुणाकार करा, सुमारे २८०० येतात. आणि त्या बिचाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनाची पूर्ण ४० अश्वशक्ती २२०० ला येऊन संपलेली असते. जुन्या गाडीत हायवेवर जो सततचा आक्रोश ऐकू येतो त्याचं मूळ या गुणाकारात आहे.

आता डिफ्रेन्शिअल ३.५० चं घ्या आणि वरच्या गिअरचा रेशो ०.६७ ठेवा. ७४६ गुणिले ३.५० गुणिले ०.६७, म्हणजे साधारण १७५०. इंजिन गुणगुणतं, कानाला त्रास नाही, पेट्रोल वाचतं, पाणी तापत नाही. एकपेक्षा कमी रेशोच्या या गिअरला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. माझ्या मते रस्त्यावर खरोखर चालवायच्या हॉट रॉडमध्ये पैसे खर्च करायची पहिली जागा हीच. इंजिनात पन्नास अश्वशक्ती वाढवून जो आनंद मिळतो तो एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत टिकतो. ओव्हरड्राइव्ह प्रत्येक किलोमीटरला आनंद देतो.

तोच गुणाकार पहिल्या गिअरसाठी करा, म्हणजे गाडी जागची कशी उठेल ते कळतं. पहिला गिअर गुणिले डिफ्रेन्शिअल. उत्तर साधारण नऊ ते अकरा आलं तर एक टनाच्या व्ही-८ गाडीला भरपूर. त्याहून जास्त आलं तर पहिला गिअर टाकला न टाकला तोच संपतो, आणि मागचे टायर धूर काढत जागेवर फिरतात.

आता गिअरबॉक्स. हाताने गिअर टाकायची मजा हवी असेल तर टी-५ हे नाव ऐकायला मिळेल. १९८० च्या दशकातल्या मस्टँगमध्ये हा पाच गिअरचा बॉक्स असायचा. व्ही-८ मस्टँगच्या प्रकारात पहिला गिअर ३.३५, पाचवा ०.६८. हलका, बारीक, जुन्या फ्रेममध्ये मावणारा. त्याची मर्यादा एकच, ताकद. १९९० च्या सुरुवातीच्या मस्टँगमधला बॉक्स ३०० फूट-पाउंड, म्हणजे ४०० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क (पिळण्याचा जोर) सोसेल असं मानलं जायचं. हलक्या गाडीत तो बरेच दिवस टिकतो, कारण चाक सुटतं आणि बॉक्स वाचतो. एक बारकावा मात्र खरेदी करण्याआधी माहीत हवा. कॅमॅरोतला टी-५ आडवा कललेला असतो, तो सरळ बसवला की गिअरची काठी तिरकी येते. आणि शेव्हरलेच्या एस-१० पिकअपचं मागचं हाउसिंग लावलं की काठी पुढे सरकते, म्हणजे जुन्या सलग बाकड्यासारख्या सीटला अडत नाही. असले तपशील कॅटलॉगात पहिल्या पानावर नसतात.

ऑटोमॅटिकमध्ये जनरल मोटर्सचे तीन गिअरचे टर्बो ३५० आणि टर्बो ४०० म्हणजे दगड. फोडले तरी फुटत नाहीत. पण त्यांना ओव्हरड्राइव्ह नाही. चार गिअरचे दोन, ७००आर४ आणि २००-४आर. पहिल्यात रेशो ३.०६, १.६३, १, ०.७०. दुसऱ्यात २.७४, १.५७, १, ०.६७. हे आकडे नुसते वाचून पुढे जाऊ नका. ३.०६ वरून एकदम १.६३ ला उतरलं की इंजिनाचे आरपीएम जवळजवळ निम्म्यावर येतात, गाडी क्षणभर दम खाते. जड पिकअपला पहिला खोल गिअर हवाच असतो, आपल्या एक टनाच्या गाडीला नको. २००-४आर मध्ये ही उडी लहान आहे. शिवाय तो लांबीला टर्बो ३५० एवढाच आहे. ब्युइकच्या गाजलेल्या ग्रँड नॅशनलमागे हाच असायचा, त्यामुळे तो नाजूक आहे ही समजूत नीट बांधलेल्या बॉक्सला लागू नाही.

या दोन्ही बॉक्सना एक केबल असते. एक टोक कार्ब्युरेटरच्या लिव्हरला, दुसरं बॉक्सच्या आत. पाय किती दाबला आहे हे बॉक्सला तिच्यातून कळतं आणि त्याप्रमाणे आतल्या तेलाचा दाब वाढतो. लोक तिला गिअर बदलण्याची केबल समजतात आणि अंदाजाने बांधून मोकळे होतात. मग जोरात पाय दाबला की दाब कमी पडतो, आतल्या क्लचप्लेटी घसरतात आणि नवा बॉक्स काही दिवसांत जळून जातो. कार्ब्युरेटरवर ती ज्या बिंदूला जोडायची त्या बिंदूचं अंतरही ठरलेलं असतं, त्यासाठी वेगळी पट्टी मिळते. ती पट्टी घ्याच.

आमचा निर्णय कोणी केला सांगू? शेजाऱ्यांच्या डाव्या गुडघ्याने. त्यांनी आयुष्यभर टूलरूममध्ये उभं राहून काम केलं, दोन वर्षांपूर्वी गुडघा बदलला. वुडवर्डच्या गर्दीत चार तासांत क्लच किती वेळा दाबावा लागेल याचा विचार केला आणि टी-५ चा विषय संपला. गाडी माणसासाठी असते. २००-४आर ठरला, मागे ३.५० चं डिफ्रेन्शिअल. पहिल्या गिअरचा गुणाकार साडेनऊच्या थोडा वर.

आणि आता इंजिन.

माझं मन कुठे आहे ते आधीच सांगतो. फोर्डचं १९३२ चं फ्लॅटहेड व्ही-८. मी मूळचा कोल्हापूरचा, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओतकाम बघत मोठा झालो. वितळलेलं बीड साच्यात उतरताना ज्याने जवळून पाहिलं आहे त्याला कळेल की आठ सिलिंडरचा ब्लॉक एकसंध, एका ओतणीत, आणि तोही सामान्य माणसाच्या गाडीसाठी हजारोंच्या संख्येने काढायचा म्हणजे काय. आतले पाण्याचे, धुराचे सगळे बोगदे वाळूच्या कोअरनी घडवायचे. एक कोअर तसूभर हलला की ब्लॉक भंगारात. फोर्डने ते करून दाखवलं. सिलिंडरांचं एकूण आकारमान २२१ घन इंच, ताकद ६५ अश्वशक्ती. पुढे मर्क्युरीसाठी हे इंजिन २५५ घन इंचांपर्यंत वाढलं आणि १९५३ पर्यंत अमेरिकेत चाललं.

पण प्रेम आंधळं नको. या इंजिनात व्हॉल्व्ह डोक्यात नसून ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी असतात. म्हणून वरचं हेड सपाट आणि म्हणून नाव फ्लॅटहेड. व्हॉल्व्ह दोन रांगांच्या मधल्या दरीकडे, आणि धूर बाहेर जायचा तो दुसऱ्या बाजूने. म्हणजे तापलेला वायू अख्ख्या ब्लॉकमधून, पाण्याच्या शेजारून प्रवास करून बाहेर पडतो. शिवाय मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच धुराचं तोंड. ब्लॉक स्वतःच्याच धुराने पाणी तापवतो. वुडवर्डच्या गर्दीत, ऑगस्टच्या उन्हात, हे इंजिन बांधणाऱ्याच्या कसबाची परीक्षा बघतं. जुन्या ब्लॉकला व्हॉल्व्हच्या बैठकीजवळ तडे असतात, ते चुंबकीय भुकटीने तपासल्याशिवाय एक डॉलरही देऊ नये. चांगला ब्लॉक मिळाला, मोठा रेडिएटर लावला, घाई नसली, तर फ्लॅटहेडच्या आवाजाला तोड नाही. आमच्याकडे तसा ब्लॉक आला नाही, आणि मी अजून शोधतो आहे.

मग उरतं ते शेव्हरलेचं लहान व्ही-८, जे १९५५ च्या मॉडेलात २६५ घन इंचांचं आलं आणि ज्याने फ्लॅटहेडचं राज्य जवळपास संपवलं. व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये. धूर हेडमधून थेट बाहेर. साध्या पत्र्याचे दाबून काढलेले रॉकर. दोन्ही बाजूंची हेड एकसारखी, डावं उजवीकडे चालतं. पुढे २८३, ३२७ आणि १९६७ मध्ये ३५० घन इंच. गिअरबॉक्स जोडायची मागची छिद्रं पिढ्यान् पिढ्या तीच राहिली, म्हणून सुटे भाग कुठल्याही गावात मिळतात. "फोर्डात शेव्हरलेचं इंजिन?" म्हणून नाक मुरडणारे आजही भेटतात. त्यांचं वाईट वाटण्यात खरेपणा आहे, ते मी समजू शकतो. पण रात्री नऊ वाजता हायवेच्या कडेला वॉटर पंप गेला तर दुसऱ्या दिवशी सकाळी कुठल्याही दुकानात मिळेल असं इंजिन मला जास्त जवळचं वाटतं.

इथे एक प्रसंग. जवळच्या गावात एक गृहस्थ "३५०" विकत होते. इंजिन नव्या केशरी रंगात झगमगत होतं. लहान शेव्हरलेची २८३, ३०५, ३२७, ३५० ही सगळी बाहेरून जुळ्या भावांसारखी दिसतात. ३०५ आणि ३५० मध्ये तर पिस्टनची धावसुद्धा एकच, फरक फक्त सिलिंडरच्या रुंदीत, ३.७३६ इंच की ४ इंच. ती रुंदी बाहेरून दिसत नाही. मी टॉर्च तोंडात धरली, इंजिनाच्या मागे ड्रायव्हरच्या बाजूला जिथे गिअरबॉक्सचं तोंड बसतं त्या कडेवर तारेचा ब्रश फिरवला. रंगाखालून वंगण निघालं, वंगणाखालून बिडाचे खडबडीत, उठावाचे आकडे. शेजाऱ्यांनी ते खिशातल्या चिठ्ठीवर उतरवले आणि आपल्या जुन्या यादीशी ताडून पाहिले. ३०५. बोट त्या आकड्यांवरून फिरत होतं आणि आम्ही दोघंही गप्प. ३०५ वाईट इंजिन नाही, पण किंमत ३५० ची सांगितलेली होती. आम्ही आभार मानून परत आलो. पुढच्या महिन्यात मिळालेल्या ब्लॉकवर ३९७००१० होता. हा नंबर ३५० चा म्हणून प्रसिद्ध आहे, पण काही ३०२ आणि ३२७ वरही येतो, म्हणून पुढच्या बाजूला ठोकलेली अक्षरंही बघायची आणि शक्य झालं तर एक हेड उघडून सिलिंडर मोजायचा.

अश्वशक्तीच्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी. १९७२ च्या आधी अमेरिकन कंपन्या मोकळं इंजिन, पंखा-सायलेन्सर न लावता मोजायच्या, नंतर सगळं जोडून मोजू लागल्या. म्हणून १९७० च्या जाहिरातीतले ३७० आणि १९७५ च्या साध्या कॉर्व्हेटमधले १६५ एकाच तराजूत टाकू नका. फरक खरा आहे, पण दिसतो तेवढा नाही.

फोर्डचं स्वतःचं लहान व्ही-८, ३०२, वजनाला दोनशे-सव्वादोनशे किलोच्या घरात, म्हणजे बिडाच्या शेव्हरलेपेक्षा हलकं. त्याचा डिस्ट्रिब्युटर पुढे असतो, त्यामुळे इंजिन फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यातल्या पत्र्याच्या भिंतीला, चिकटवून बसवता येतं. मॉडेल ए च्या तोकड्या जागेत हे मोठं सुख. त्रास दोन. बऱ्याच ३०२ मध्ये तेलाच्या पॅनचा खोल भाग पुढे असतो आणि तो फ्रेमच्या पुढच्या आडव्या पट्टीला, क्रॉसमेंबरला, आपटतो, पॅन बदलावा लागतो. दुसरा त्रास दिसत नाही, जाणवतो. १९८० च्या सुरुवातीला फोर्डने या इंजिनाच्या फ्लायव्हीलचं (मागच्या जड चाकाचं) असंतुलन २८ औंस-इंचावरून ५० वर नेलं. जुन्या इंजिनाला नवं फ्लायव्हील लावलंत तर सगळं व्यवस्थित बसेल आणि गाडी मात्र गिरणीसारखी थरथरेल. शेव्हरलेतही १९८६ नंतर मागचं सील एकसंध झालं तेव्हा असाच फरक आला. इंजिनाचं साल फ्लायव्हील विकणाऱ्याला सांगा, नुसतं "३५०" सांगू नका.

क्रायस्लरची १९५१ नंतरची हेमी, म्हणजे अर्धगोल ज्वलनकक्षाचं व्ही-८, देखणी आहे, पण तीनशे किलोच्या वर. एक टनाच्या गाडीच्या नाकावर एवढा भार आला की वळणावर पुढची चाकं ऐकत नाहीत.

आजच्या पोरांचा आवडता पर्याय म्हणजे जनरल मोटर्सचं एलएस. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये ते आलं, ५.७ लिटर, अॅल्युमिनियमचा ब्लॉक, ३४५ अश्वशक्ती. पिकअपमधून आलेले बिडाचे ५.३ लिटरचे भाऊ भंगारवाल्याकडे सहज मिळतात. कुठल्याही हवेत पहिल्या झटक्याला चालू होतं. भाच्याला रोज कॉलेजला न्यायची गाडी असती तर मी हेच सांगितलं असतं. फक्त खर्चाचा हिशेब पूर्ण करा. कॉम्प्युटर, वायरिंगचं जाळं, आणि पेट्रोलचा दाब साधारण ४ बार लागतो म्हणून टाकीत नवा पंप. कार्ब्युरेटरला यातलं काही लागत नाही. शिवाय एलएसच्या क्रँकचं मागचं टोक जुन्या इंजिनापेक्षा ०.४ इंच आत असतं. दहा मिलिमीटर! पण तेवढ्यासाठी जुन्या ऑटोमॅटिकला स्पेसर घ्यावा लागतो, नाहीतर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक बॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) नीट टेकत नाही.

इंजिन-बॉक्स ठरला तरी काम संपत नाही. १९४८ पर्यंतच्या फोर्डमध्ये गिअरबॉक्सपासून डिफ्रेन्शिअलपर्यंतचा शाफ्ट एका जाड नळीत बंद असायचा आणि मागच्या चाकांचा पुढे ढकलण्याचा जोर त्या नळीतून गाडीला मिळायचा. नवा गिअरबॉक्स लावलात की ती नळी जाते. मग तो जोर फ्रेमपर्यंत न्यायला दांड्या किंवा पाटे द्यावेच लागतात. ते विसरलं तर पहिल्याच जोरात मागचा अॅक्सल स्वतःभोवती फिरायला बघतो. ब्रेकचंही तसंच. फोर्डला हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये आले, त्याआधी सगळं सळ्यांवर. अडीचशे अश्वशक्तीच्या गाडीला सळ्यांचे ब्रेक ठेवणं मला मान्य नाही, कोणी कितीही परंपरेचा दाखला दिला तरी. आणि कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, मवाळ घ्या. फार तिखट कॅम घेतला की आयडलिंगला व्हॅक्यूम पडतो, व्हॅक्यूमवर चालणारे पॉवर ब्रेक कडक होतात, आणि ऑटोमॅटिकला सिग्नलवर धरून ठेवणं कठीण जातं.

गेल्या शनिवारी आम्ही रिकामा ब्लॉक आणि रिकामी गिअरबॉक्सची पेटी एकत्र बोल्ट करून साखळीच्या कप्पीने फ्रेममध्ये उतरवली. आत काही नाही, म्हणून दोघांना पेलते. १९६८ पर्यंत यायचा तो आखूड वॉटर पंप लावला, रेडिएटर जागेवर उभा केला. मागे डिस्ट्रिब्युटर आणि फायरवॉल यांच्यात दोन बोटं गेली. पुढे पंखा आणि रेडिएटर यांच्यात एक इंच राहिला. इंजिन तीन अंश मागे झुकवलं, डिफ्रेन्शिअलचा पिनियन (शाफ्टला जोडलेला छोटा गिअर) तेवढाच वर, म्हणजे शाफ्टचे दोन्ही क्रॉस समान कोनात फिरतील. माउंटिंगच्या पट्ट्या फक्त चार ठिपक्यांनी वेल्ड केल्या, अजून काही चुकलं असेल तर तोडता यावं म्हणून.

सीट अजून आलेली नाही. शेजाऱ्यांनी त्या जागी लाकडी खोकं ठेवलं, हातात नसलेलं स्टिअरिंग धरलं आणि डावा पाय लांब केला. क्लचचं पेडल जिथे आलं असतं तिथे त्यांचा बूट सरळ, आरामात टेकला. मग त्यांनी मला टेप मागितली आणि ते अंतर खडूने जमिनीवर लिहून ठेवलं.